मेणाची रेघ

धानाची मळणी लागली हे यंदाही मला नाकानंच सांगितलं. तुमसरहून बपेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला माझी ट्रॅक्टर दुरुस्तीची शेड आहे. चार खांब, वर टिनं, मागं कुलपाची एक खोली. समोरच्या शेताच्या बांधीत रचलेलं धानाचं पुंजणं, म्हणजे कापलेल्या पेंढ्यांचा ढीग, काल सकाळी मोडलं, थ्रेशर सुरू झाला आणि बारीक भुशासारखं कुटार वाऱ्याबरोबर शेडमध्ये शिरलं. ते चहात पडलं, ग्रीसच्या डब्यावर बसलं, मिशीत अडकलं. सहा-सात शिंका दिल्या तेव्हा पक्कं झालं. आता महिना-दीड महिना हेच.

वयाच्या मानानं माझी बाकीची इंद्रियं शाबूत आहेत. कान तर नको तितके शाबूत आहेत. कुणाच्या इंजिनाचा वॉटर पंप कुरकुरतो ते मला रस्त्यावरून जाताना ऐकू येतं. बायको म्हणते, मग माझंच काहून ऐकू येत नाही. फक्त उजव्या हाताचं काही सांगता येत नाही. पंजा आहे, पाचही बोटं आहेत, पाना धरतो, नट फिरवतो. पण गरम की थंड, ओलं की कोरडं, काही धरलं आहे की सुटलं, हे त्याच्याकडून मला कळत नाही. डोळ्यानं पाहावं लागतं. सवय झाली आहे.

आमच्या धंद्यात हात हेच थर्मामीटर. इंजिनात तापलेलं पाणी वरच्या पाइपनं रेडिएटरमध्ये जातं, तिथं निवतं आणि खालच्या पाइपनं परत येतं. मध्ये थर्मोस्टॅट नावाची एक छोटी झडप असते, पाणी पुरतं तापलं की उघडणारी. एवढं समजलं की बाकी सगळं हाताचं काम. वरचा पाइप धरायचा, मग खालचा. वरचा गरम आणि खालचा गार, तर झडप अडकली. दोन्ही सारखेच गरम, तर रेडिएटर पाणी निववत नाही, त्यात कचरा बसला. मी हे पाइपला हात लावून दोन मिनिटांत सांगायचो, आणि लोक माना डोलवायचे.

त्यात माझी एक वेगळीच कीर्ती होती. उकळत्या रेडिएटरचं झाकण लोक गोणपाट टाकून, तोंड फिरवून काढतात. मी उघड्या हातानं काढायचो. तळवा ठेवायचा, दाबायचं, अर्धा फेरा द्यायचा, वाफ फुसफुसून संपेपर्यंत तसंच धरून ठेवायचं. चहाच्या टपरीवरची माणसं पेला हातात घेऊन पाहायला यायची. "मिस्तरीचा हात पोलादाचा हाय," असं बोलायची. मीही बोलायचो, वीस वर्षं काम केलं की कातडं पिकतं. आधी चटका लागायचा, मग कमी लागायला लागला, मग लागेनासा झाला. यात काही विचारण्यासारखं आहे, असं मला वाटलंच नाही. वाटायचं, कारागिरी असते ती अशीच अंगात मुरते.

ज्या हंगामाचं सांगतो आहे त्याला चार-पाच वर्षं झाली. दिवाळी आटोपून आठवडा झाला असेल. रूपचंदभाऊंचा ट्रॅक्टर थ्रेशर चालवता चालवता तापला. रूपचंदभाऊ माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, शेड उघडली त्या दिवसापासूनचे गिऱ्हाईक. स्वतःचं धान झालं की ते शेजारच्या गावांतलीही मळणी घ्यायचे. त्यांचं मशीन बंद पडलं म्हणजे पाच-सात घरची माणसं बांधीच्या धुऱ्यावर बसून राहणार आणि वर आभाळाकडे पाहणार. मी खालचा पाइप धरला. "थंडा आहे भाऊ," म्हटलं, "थर्मोस्टॅट अडकला." झडप काढून टाकली, ट्रॅक्टर पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या आधीच ट्रॅक्टर परत आला, समोरून वाफा टाकत.

"काय गा मिस्तरी," रूपचंदभाऊ म्हणाले, "तू त म्हनला होता का आता फिकर नाही. तिकडे लोकं मले शिव्या देऊन राहिले ना."

माझं निदान चुकत नसे. मग ती झडपच चुकली असणार. ती खिशात घालून मी घरी गेलो आणि दोऱ्याला बांधून चुलीवरच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, सोडली. माझी बायको शोभा घरी ब्लाउज शिवते आणि तिच्या गंजांना कुणी हात लावलेला तिला खपत नाही.

"भाताचं आंधण आहे ते. त्यात हे कायले टाकून राहिले जी?"

"पाहून राहिलो."

"काय पाहून राहिले?"

आंधण अजून उकळलं नव्हतं, नुसतं बोलायला लागलं होतं, तेवढ्यात झडप हळूच उघडली. गंज उतरवल्यावर हळूच मिटली. झडप चांगली होती. शोभानं पाणी फेकलं, गंज तीनदा घासला, आणि त्या दिवशी जेवायला उशीर झाला.

शेडमध्ये परत येऊन इंजिन पुन्हा तापवलं, खालचा पाइप पुन्हा उजव्या हातानं धरला. थंड. मग पाना ठेवता ठेवता डावा हात लागला आणि मी झटकन मागं घेतला. चटका बसला होता. उजवा लावला, थंड. डावा लावला, चटका. एकच पाइप, एकच जागा. मी तिथं उभा राहून बराच वेळ ही तपासणी केली. आणि निष्कर्ष काय काढला, तर डावा हात नाजूक आहे. त्याला कामाची सवय नाही, उगाच कांगावा करतो. उजव्या हातानं वीस वर्षं भाकरी खाऊ घातली होती, त्याला मी खोटं कसं ठरवणार?

दोघांचं भांडण तोडायला तिसरा हवा होता. खोलीत दिवाळीतली अर्धी मेणबत्ती पडली होती. तिनं पाइपवर एक पांढरी रेघ ओढली. पाइप थंड असेल तर रेघ तशीच राहील. मी इंजिनाचा आवाज ऐकत उभा राहिलो. रेघ आधी काचेसारखी झाली, मग ओली, मग खाली ओघळली. मेणानं डाव्या हाताची बाजू घेतली.

म्हणजे रेडिएटर पाणी निववत नव्हता. समोरची जाळी काढली तर आत बोटभर कुटार गच्च बसलेलं. मागच्या बाजूनं पाण्याचा फवारा मारून साफ केलं, झडप परत बसवली. मळणी संपेपर्यंत ट्रॅक्टर पुन्हा तापणार नाही, असं मी छातीठोक सांगितलं. रूपचंदभाऊ खुश. "मिस्तरी मेनबत्ती लावून इंजिन तपासते," असं ते गावभर सांगत सुटले. मी मेणाचा तुकडा खिशात टाकला आणि हाताचा विचार केला नाही.

आठ-दहा दिवसांनी दुपारी जेवायला बसलो असताना शोभानं ताट ठेवता ठेवता माझा हात धरला. तळव्याच्या कडेला चिंचोक्याएवढा फोड आला होता, फुटून कोरडाही झाला होता.

"हे कवा भाजलं?"

"काय?"

ती अंगणात गेली आणि तणसाची एक काडी घेऊन आली. म्हणाली, डोळे मिटा. मी हसलो. म्हणाली, मिटा म्हनते ना. "कुठं लागते ते सांगा." मी वाट पाहत बसलो. "अजून तू लावली नाही," म्हटलं. मग मला डाव्या तळव्यावर गुदगुली झाली, मी सांगितलं. पुन्हा काहीच नाही. "झालं?" म्हणून डोळे उघडले तर काडी माझ्या उजव्या तळव्यावर होती आणि शोभा ती दाबत होती. काडी वाकली होती. तिनं माझी बाही वर केली. दंडाच्या खाली एक फिकट चट्टा होता, रुपयाएवढा, दोन वर्षांपासूनचा. मी त्याला डिझेलचा डाग म्हणत आलो होतो.

आमच्या वस्तीच्या आशा कार्यकर्ती छायाताई दरवर्षी घरोघर येतात. चित्रांचा कागद दाखवतात, अंगावर चट्टा आहे का, बधिरपणा आहे का, विचारतात. शोभानं तो कागद नीट पाहिला होता. माझ्या वेळी त्या शेडवर यायच्या आणि मी गाडीखालून ओरडायचो, "काई नाही बाई, निरंक लिहा!" दोन वर्षं निरंक लिहवून घेतलं.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर बाई वयानं लहान होत्या. त्यांनी कोपरापाशी एक शीर बोटानं चाचपली, कापूस फिरवला, पेनाचं टोक लावलं आणि कुष्ठरोग म्हणाल्या. आमच्याकडे त्याला दुसरा शब्द आहे. तो त्यांनी वापरला नाही, मी मनात वापरला. त्या सांगत होत्या, गोळ्या फुकट आहेत, नेमानं घ्या, रोग पूर्ण बरा होतो, सुरू केल्यावर कुणाला लागत नाही. पण गेलेली संवेदना येईलच असं नाही. "आता हाताकडे डोळ्यानं लक्ष ठेवा. गरम वस्तूला हात लावू नका." मी मान हलवली. वर पंखा फिरत होता, त्याला एक पातं कमी आहे का ते पाहत होतो. रडू आलं नाही, राग आला नाही. पुढं कित्येक दिवस आलं नाही. लोक म्हणतात, धक्का बसला की असं होतं. मला वाटतं, मी आधीपासूनच तसा झालो होतो. हाताचं निदान झालं, बाकीच्याचं कुणी केलं नाही.

मी भ्यालो ते रोगाला नाही. माझ्या लहानपणी गावात एक म्हातारा होता, बोटं झडलेला. त्याच्या हातात कुणी काही देत नसे. वस्तू जमिनीवर ठेवायची, दोन पावलं मागं सरायचं, मग त्यानं उचलायची. मीसुद्धा गुळाचा खडा तसाच ठेवला होता, आणि ठेवून पळालो होतो. केंद्रातून परत येताना मोटरसायकलवर मला तोच खडा दिसत होता. ट्रॅक्टर कदाचित येतील, बिघडलेल्या इंजिनाला मिस्त्री चुकत नाही. पण चावी मालक माझ्या हातात देईल, की बोनेटवर ठेवून मागं सरेल?

म्हणून कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं. शोभाला पटलं नाही. "लपवलेलं कवा ना कवा निघतेच," ती म्हणाली, आणि तरी तिनं जुन्या गोधडीचा एक जाड हातमोजा शिवून दिला. पोलादी हाताच्या मिस्त्रीनं तो घातला असता तर लोकांनी त्याच दिवशी विचारलं असतं. तो मी पिशवीत ठेवायचो.

हाताच्या जागी मी वस्तू उभ्या केल्या. रेडिएटरच्या जाळीवर पाणी शिंपडायचो. जिथले थेंब वाळत नाहीत तिथं आतून नळी बंद. सलाईनची नळी बुचातून रेडिएटरच्या तोंडात बसवली आणि दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं. इंजिन चालू केल्यावर बाटलीत सारखे बुडबुडे यायला लागले की समजायचं, हेडचं गॅसकेट गेलं. झडपेसाठी एक वेगळा गंज आणला, कारण शोभाशी रोज भांडणं परवडत नव्हतं. मेणाची रेघ तर होतीच. लोकांना वाटलं मिस्त्री सुधारला. "तू त डॉक्टर होऊन राहिला बे," असं टपरीवाला म्हणायचा. आजही आसपासचे मिस्त्री येतात, फोटो काढून नेतात, विचारतात ही अक्कल कुठून आली. मी सांगतो. काही जणांचा चहा त्यानंतर जरा घाईनं संपतो, बहुतेकांचा नाही. आणि छायाताई आल्या की आता मी गाडीखालून बाहेर येतो, बाही वर करून.

पण तो हंगाम अजून संपला नव्हता. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला, पाहुणे येतात, मिठाईची दुकानं लागतात, रात्री दंडारीचं लोकनाट्य होतं. रूपचंदभाऊंच्या गावच्या मंडईला आम्ही दोघं गेलो. पाहुण्यांच्या आधी उरलेलं पुंजणं उरकावं म्हणून त्यांनी सकाळपासून मशीन चालवलं होतं आणि आम्ही पोचलो तेव्हा ट्रॅक्टर अंगणाशेजारी उकळत उभा होता. माझं छातीठोक बोलणं वाफेबरोबर वर चाललं होतं. मी खिशातून मेण काढलं. रूपचंदभाऊंचे जावई हसले.

"हे काय, पूजा करून राहिले का मिस्तरी?"

रूपचंदभाऊंना ते लागलं. माझ्या वतीनं लागलं. "हसू नका जावईबापू. ह्या मानसाचा हात पाहा आधी. मिस्तरी, दाखव गा. झाकन काढून दाखव."

पंधरा-वीस माणसं गोळा झाली. पिशवीत मोजा होता. नाही म्हटलं असतं तर काहून विचारलं असतं, आणि काहून याचं उत्तर माझ्याजवळ एकच होतं. मी झाकणावर तळवा ठेवला, दाबला, अर्धा फेरा दिला. वाफ बोटांतून फुसफुसली. लोकांनी "वा रे वा" केलं. मी धरून राहिलो. खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. तेवढी पाच-दहा सेकंदं सगळं पूर्वीसारखं होतं. वाफ संपत नव्हती, मी धरून होतो, जावयाकडे पाहत होतो. मग वास आला. नाक माझं शाबूत आहे, पण कसला वास ते मला कळलं नाही. ओसरीत बायकांत बसलेल्या शोभाला कळलं. ती पदर सावरायला न थांबता धावत आली आणि माझं मनगट दोन्ही हातांनी धरून तिनं हात ओढून काढला. तळव्याचं कातडं पांढरं होऊन सुटलं होतं. लोकांच्या टाळ्या मध्येच राहिल्या. मी म्हटलं, "काही झालं नाही." तेव्हा त्या सगळ्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मला अजून आठवते.

जखम चिघळायला नको म्हणून शेड बंद ठेवावी लागली, ऐन मळणीत. तिसऱ्या दिवशी रूपचंदभाऊ घरी आले. पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहत उभे राहिले.

"मिस्तरी, येवढा वेळ कोनी धरून राहत नाही. काय गोष्ट आहे?"

शोभा काहीतरी सावरून सांगणार होती. मीच सांगितलं. रोगाचं नाव आमच्याकडचं सांगितलं, म्हणजे पुन्हा विचारायला नको.

"कवापासून?"

"दोन-तीन वर्षं झाले असतील भाऊ. मले माहीत नव्हतं."

शोभानं चहा आणून ठेवला होता. "बरं," भाऊ म्हणाले, चपला घातल्या आणि गेले. चहा तसाच राहिला. त्यावर साय धरली तेव्हा शोभानं कप उचलला आणि उभ्या उभ्या स्वतः पिऊन टाकला.

हात भरून आल्यावर शेड उघडली. रस्त्यावरून ट्रॅक्टर जात होते. आवाजावरून मी एकेक ओळखत होतो. हा पाटलांचा, हा सोसायटीवाल्याचा. थांबत नव्हते. कदाचित कुणाचं काही बिघडलं नसेल. मी बाकड्यावर बसून एक जुनं रेडिएटरचं झाकण घेतलं, त्याला मधोमध भोक पाडून ट्यूबचा व्हॉल्व्ह झाळून बसवला. त्याला दाबाचा काटा असलेला पायपंप जोडला की बंद इंजिनातही पाण्यावर दाब देता येतो. काटा टिकला तर सगळं ठीक, उतरला तर कुठंतरी गळती. डाव्या हातानं काम, त्यामुळे तीन दिवस लागले. माझी आतापर्यंतची सगळ्यात नीट वस्तू तीच झाली. ती भिंतीला टांगली आणि पुन्हा बाकड्यावर बसलो. वाईट वाटत होतं का, असं शोभानं विचारलं. शोधून पाहिलं, सापडलं नाही. नुसतं बसून राहावंसं वाटत होतं.

पुंजणी संपत आली होती तेव्हा एका दुपारी रूपचंदभाऊंचा ट्रॅक्टर लांबून ऐकू आला. तो पुढं जाईल असं धरून मी मान वर केली नाही. तो वळला आणि शेडसमोर थांबला.

"तापून राहिला," ते म्हणाले.

मी रेघ ओढली, पाणी शिंपडलं. मग इंजिन निवू दिलं आणि मोजा चढवून, गोणपाट टाकून झाकण काढलं. तेवढा वेळ ते एका जागी उभे होते. नवं झाकण लावून पंप मारला. काटा वर गेला आणि हळूहळू उतरायला लागला. वॉटर पंपाच्या खालून थेंब थेंब पाणी येत होतं. मळणीभर तिथूनच जात असणार.

"सील गेलं भाऊ. उद्या बसवून देतो."

"हाव." ते बाकड्यावर बसले. मग म्हणाले, "इतके दिवस काहून आलो नाही, विचारत नाही का?"

"नाही."

"मंडईले मीच तुले पुढे केलं ना गा. वीस वर्षं मीच तुले नाचवलं. घरी तुझा हात पाहिला आन् चहा घशाखाली उतरेना. कोन्या तोंडानं येऊ?"

त्यांनी बंडीच्या खिशातून डबी काढली, तंबाखू घेतली, बोटानं चुना लावला आणि तळव्यावर बराच वेळ घोटत बसले. मग फटका मारून भुगा उडवला.

"हात कर."

मी डावा पुढं केला. मी तंबाखू खात नाही, हे त्यांना शेड उघडल्यापासून ठाऊक होतं.

"तो नाही," ते म्हणाले. "तो दुसरा."

मी उजवा पुढं केला. त्यांनी माझी बोटं खालून आपल्या पंजानं धरली असावीत, तसं दिसत होतं, आणि चिमूट माझ्या तळव्यावर दाबली. ठेवली की अजून ठेवायची आहे, हे मला कळलं नाही. मान खाली घालून पाहावं लागलं. ठेवली होती.